दोन बेडरूमचं बघ

“ह्या वेळी दोन बेडरूमचं बघ,” पॉलेट म्हणाली आणि टोस्टला मार्मलेड लावू लागली.

मी ‘बरं’ म्हटलं. लग्नाच्या एकोणतीस वर्षांत ‘बरं’ हा शब्द माझ्या तोंडात आपला आपण तयार होतो, त्याला माझी गरज पडत नाही. तो बाहेर पडला आणि मग ऐकलेलं वाक्य सावकाश आत पोचलं. दोन बेडरूमचं. आम्ही माणसं दोन. ऑगस्टचा दुसरा आठवडा, वर उत्तर कॅलिफोर्नियात, हम्बोल्टला, रेडवुड वृक्षांच्या जंगलात, दर वर्षीसारखा. मूलबाळ आम्हाला नाही. कुत्रा होता तो मागच्या हिवाळ्यात गेला, आणि होता तेव्हाही त्याला कुणी स्वतंत्र बेडरूम देऊ केली नव्हती. मग ही दुसरी कुणासाठी? मी पॉलेटकडे पाहिलं. ती मार्मलेड टोस्टच्या पार कडेपर्यंत नेत होती. एकही कोपरा कोरडा सोडायचा नाही हा तिचा नियम. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. “आणि आज संध्याकाळपर्यंत ठरवून टाक,” ती म्हणाली, “नाहीतर गेल्या वर्षीसारखं होईल.” गेल्या वर्षी मी इतका विचार केला, की सगळं हम्बोल्ट भरून गेलं आणि आम्हाला मिळाली ती हायवेला चिकटलेली एक खोली, जिच्या खिडकीतून रेडवुड दिसायचे खरे, पण ट्रकवर आडवे पडून चाललेले. “बरं,” मी पुन्हा म्हटलं. ती शाळेच्या लायब्ररीत काम करते, तिला आठच्या आत निघावं लागतं. तिने पिशवी उचलली, माझ्या टकलावर ओठ टेकवले आणि गेली. ओठ नेहमीपेक्षा कमी वेळ टेकवले की जास्त, ह्यावर विचार करता करता माझी कॉफी थंड झाली.

माझा धंदाच असा आहे, की वाक्याच्या मागे काय दडलंय ते शोधायचं. मी एका विमा कंपनीत पाहणी करणारा आहे. पाण्याचं नुकसान हा माझा विषय: फुटलेले नळ, गळकी छपरं, तुंबलेली गटारं. सव्वीस वर्षं मी ओकलंडमधल्या आणि आसपासच्या घरांमध्ये वाकून, रांगून, पोटावर सरपटून डाग बघत आलोय. माणसं लिहितात, ‘अचानक पाणी आलं’. मी गालिचाचा कोपरा उचलतो आणि खाली तीन वर्षांची बुरशी असते. अचानक काही येत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. त्यामुळे त्या सकाळी तळ्याच्या कडेने बसस्टॉपकडे जाताना, रानबदकांनी घाण केलेल्या वाटेवर पाय जपून टाकताना, मी स्वतःलाच म्हणालो, ग्लेन, गालिचा उचल. हे वाक्य आज आलेलं नाही. भिंतीत पाणी कधीपासून मुरतंय ते बघ.

आणि एकदा असं म्हटलं, की दिसायला लागतं. गेले तीन आठवडे पॉलेट गप्प गप्प होती. वसंतात शाळेची पुस्तकं मोजायची असतात, म्हणून दमली असेल, असं मी समजत होतो. पण दमलेला माणूस लवकर झोपतो. ही तर उशाशी पुस्तक घेऊन बसायची, माझा डोळा लागेपर्यंत. “तू झोप की,” ती म्हणायची, “मी हे प्रकरण संपवते.” कसलं प्रकरण? मनात पाल चुकचुकली ती तिथे, तळ्याच्या दक्षिण टोकाला, आणि मी एका बदकाला जवळजवळ तुडवलंच. ते माझ्या अंगावर फिस्कारून आलं. मी त्याची माफी मागितली. ओकलंडमध्ये बदकांची माफी मागणारा मी काही एकटा नाही, पण त्या दिवशी मी जरा जास्तच मनापासून मागितली.

मला आठवत होत्या त्या दुसऱ्यांच्या बेडरूम. माझ्या कामात लोकांच्या बेडरूममध्ये जावंच लागतं. पाणी कुठपर्यंत गेलं ते पाहायचं तर दिवाणखान्यात उभं राहून चालत नाही. आणि मला बरेचदा दिसायचं, की नवराबायको दोघंच आहेत, पण पलंग दोन खोल्यांत दोन, आणि दोन्ही वापरातले. एका उशाशी चष्मा आणि पाण्याचा पेला, दुसऱ्या खोलीत दुसरा चष्मा, दुसरा पेला. ती पाहुण्यांची खोली असं मालकीण सांगायची आणि मी मान डोलवायचो. अहवालात मी ते कधी लिहिलं नाही. पियडमाँटच्या टेकडीवरचं एक घर मला आठवतं: नवरा ढोपरभर पाण्यात उभा राहून आपल्या खोलीतल्या बूटजोडांची यादी सांगत होता, आणि बायको तिच्या खोलीच्या दारातून थंडपणे म्हणाली, “माझ्याकडे एक थेंब आलेला नाही, माझं वेगळं लिहा.” त्या वेळी मी गाडीत बसून खूप हसलो होतो. घरी आल्यावर पॉलेटला नक्कल करून दाखवली होती, तीही हसली होती. की ऐकून घेत होती? माझं वेगळं लिहा. बस आली, मी चढलो आणि चुकून म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या जागेवर बसलो. कुणीही मला उठवलं नाही, त्याचंही मला वाईट वाटलं.

ऑफिसात मी फायली बाजूला सारल्या आणि हम्बोल्टमधल्या जागांच्या जाहिराती उघडल्या. वीस वर्षं हा प्रश्न आमच्यापुढे नव्हता. ईल नदीच्या काठी एका म्हाताऱ्याच्या केबिनी होत्या, त्यातली चौथी आमची. म्हातारा वारला, मुलीने जागा विकली, नव्या मालकाने तिथे गोल तंबू उभारले आणि आत पियानो ठेवले. तेव्हापासून आम्ही रानोमाळ. जाहिराती वाचणं मात्र माझ्या हातचा मळ. ‘उबदार आणि आटोपशीर’ म्हणजे दोघांना एकाच वेळी उभं राहता येणार नाही. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे फोन लागणार नाही. ‘नदी हाकेच्या अंतरावर’ असेल तर मी फोटोतल्या भिंतीकडे बघतो, आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर रंग बदललेला असतोच. हिवाळ्यात हाक मारायची गरज पडत नाही, नदी स्वतःच आत येते. झाडावरचं घर एक होतं. साठीला टेकलेल्या माणसाने बाथरूमसाठी शिडी उतरायची, म्हणजे ते घर नव्हे, ती शिक्षा. एक चकचकीत जुना ट्रेलर होता, त्यात झोपायची सोय ‘जेवणाचं टेबल खाली पाडून’. ह्या सगळ्यांकडे एरवी मी मजेत पाहिलं असतं. आज माझी नजर फक्त एका ओळीवर जात होती. बेडरूम: एक. बेडरूम: एक. बेडरूम: एक. सगळं जंगलच जोडप्यांसाठी बांधलेलं. दोन बेडरूम असलेल्या जागांच्या फोटोंत दुसऱ्या खोलीत हटकून दुमजली पलंग, आणि त्यावर अस्वलांच्या चित्रांची चादर. क्षणभर मला मी दिसलो, वरच्या मजल्यावर, अस्वलांमध्ये.

“सुट्टी काय रे?” शेजारच्या टेबलावरून रोमेल डाकानाय म्हणाला. तो आमच्याकडे आगीचं नुकसान बघतो, त्यामुळे जगाकडे माझ्यापेक्षा हसत बघतो. आगीत सगळं एकदम जातं, मुरत काही नाही.

“रेडवुड. दोन बेडरूमचं शोधतोय.”

“कोण कोण चाललंय?”

“मी आणि पॉलेट.”

त्याने खुर्ची गर्रकन फिरवली. बरिटो खाता खाता थांबला. “अरे वा! शेवटी पटलं म्हणायचं तुम्हाला. ग्लेन, मी सांगतो, मी आणि बायको सहा वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपतोय. संसार कसा लोण्यासारखा चाललाय! सकाळी भेटलो की तिला माझी चौकशी करावीशी वाटते.”

“पहिल्यांदा कोण म्हणालं? तू की ती?”

“ती.”

“आणि मग?”

“मग काय? मी बरं म्हटलं.” तो पुन्हा बरिटोकडे वळला. “आता तिच्या खोलीत जायचं तर दार वाजवावं लागतं. पण छान आहे. आदर राहतो.”

त्याने ‘आदर’ असा काही उच्चारला, की मी पुन्हा जाहिरातींकडे वळलो. मला पॉलेटचा आदर नको होता. एकोणतीस वर्षांत आम्ही मोठ्या कष्टाने तो कमी करत आणला होता.

कारण मला ठाऊक नव्हतं असं नाही. कारण घोरणं. अकरा वर्षांपूर्वी आम्ही नवा पलंग घ्यायला गेलो. आधीचा साधा ‘किंग’ मापाचा होता, लग्नाच्या वेळचा. दुकानात तसाच ‘किंग’ होता, आणि त्याच्या पलीकडे भिंतीलगत ‘कॅलिफोर्निया किंग’. आता मी चौथ्या पिढीचा कॅलिफोर्नियाचा माणूस. जगातलं सगळ्यात उंच झाड आमचं, सगळ्यात जाड झाड आमचं, मग ज्या पलंगाला आमचं नाव तो सगळ्यात मोठा असणार, हे काय विचारायचं? मी न विचारता घेतला. घरी आल्यावर पॉलेटने टेप लावली. कॅलिफोर्निया किंग साध्या किंगपेक्षा चार इंच लांब असतो आणि चार इंच अरुंद असतो. मी पाच फूट पाच इंच आहे. पॉलेट पाच तीन. आमच्या पायांखाली एक अख्खं ओसाड मैदान पसरलं, आणि वर खांद्याला खांदा. आमच्या राज्यात जन्माला आलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही, ओहायोचा माणूस निदान दुकानदाराला विचारतो तरी. आणि त्याच महिन्यात एका सकाळी पॉलेट म्हणाली, “ग्लेन, तू घोरायला लागलायस. भयंकर.”

मी लगेच मान्य केलं. माझे वडील घोरायचे. आम्ही लहानपणी तंबूत झोपायचो तेव्हा शेजारच्या तंबूतले लोक मुक्काम हलवायचे. रक्तातच आहे म्हटल्यावर वाद कसला? तेव्हापासून मी नाकावर पट्ट्या लावल्या. दातांत प्लास्टिकचा साचा घालून झोपलो, त्याने सकाळी माझे ‘स’ आणि ‘श’ दोन तास नीट यायचे नाहीत. उताणा वळलो की टोचावं म्हणून पॉलेटने माझ्या झोपायच्या सदऱ्याच्या पाठीवर टेनिसचे चेंडू शिवले, दोन. वाइन सोडली. चीज सोडलं. एका श्वासाच्या शिक्षकाकडे बर्कलीला गेलो, त्याने मला सहा आठवडे शंख फुंकायला लावला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने तक्रार केली. दर वेळी मी सकाळी उठून विचारायचो, “काल कसं होतं?” आणि पॉलेट डोळे चोळत, दयाळूपणे म्हणायची, “थोडं बरं होतं.” ते थोडं बरं ऐकायला मी जगत होतो. आणि आता बहुतेक तिची दया संपली होती.

दुपारी मी जेवलो नाही. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात, त्यांच्याकडे बघत बसलो आणि मनाने वर हम्बोल्टला गेलो. मला रेडवुडची भीती वाटते, हे मी पॉलेटला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. लोक त्या झाडांपाशी जाऊन शांत होतात म्हणे. मी जातो आणि मला वाटतं, आपली कुणीतरी पाहणी करतंय. मान वर करावी तर टोक दिसत नाही. खाली बघावं तर नेचे, आणि नेच्यांत केळ्याएवढी पिवळी गोगलगाय, तिलाही आपल्यापेक्षा काम जास्त. आवाज तर होतच नाही. साल इतकी जाड आणि मऊ, की बोललेलं सगळं तिच्यात जिरून जातं. बुंध्यांना जुन्या वणव्याने पडलेल्या पोकळ्या असतात, पूर्वीचे लोक त्यात बदकं कोंडायचे, म्हणून आमच्याकडे त्यांना अजून बदकांची खुराडी म्हणतात. अशाच एका खुराड्यात मी पॉलेटला लग्नाचं विचारलं होतं. बाहेर धुक्याचं पाणी ठिबकत होतं, आम्ही दोघं आत काळ्या भिंतींना टेकून उभे, आणि मी तीन दिवस पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, “काय?” मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, “जवळ ये, काही ऐकू येत नाही.” तिसऱ्यांदा मी तिच्या कानात ओरडलो. तिने कान चोळला आणि हो म्हणाली. एवढ्या मोठ्या जंगलात दोघांना उभं राहायला तेवढीच जागा, आणि ती पुरत होती. मला रडू यायला लागलं म्हणून मी पाण्याच्या डागांचे फोटो बघायला घेतले.

साडेचारला मी एका जागेला फोन लावला. जाहिरातीत विशेषणच नव्हतं, तेच मला आवडलं. ‘दोन केबिनी. मोठी, धाकटी. झाडं आहेत. आर्डिथ केम्प.’ फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“बोला,” एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोठी केबिन मोकळी आहे का?”

“दोन्ही मोकळ्या आहेत. पेटालुमा गावची माणसं कळवतो म्हणाली, ती अजून कळवतायत. किती जण तुम्ही?”

“दोन.”

“मुलं?”

“नाही.”

“सासू?”

“नाही.”

“मग मोठी कशाला? धाकटी घ्या. एकच खोली, माझ्या वडिलांनी बांधलेली. पाणी चांगलं आहे.”

“दोन बेडरूम हव्यात,” मी म्हटलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला. “बायकोला हव्यात.”

मग ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याला पण हव्या होत्या एकदा.”

“मग?”

“मग काय, घेतली त्याने वेगळी खोली. मासे पकडायचे गळ ठेवले तिच्यात. झोपायला परत माझ्याकडेच. आठवडाभर माशांचा वास.” ती हसली की खोकली ते कळलं नाही. “तुम्हाला हवी तर घ्या बापडे. मागच्या खोलीत कॅलिफोर्निया किंग आहे.”

“लांब असतो,” मी म्हटलं.

“आणि अरुंद,” ती म्हणाली. “लिहून घेते तुमचं नाव. काही बदलायचं असेल तर सहाच्या आत सांगा. सहाला मी जेवायला बसते, मग फोन उचलत नाही.”

मी नाव सांगितलं. फोन ठेवला आणि मला वाटलं, की मी काहीतरी सही करून दिलंय. बसमध्ये मी भाषण तयार केलं. त्यात ‘आपण दोघं प्रौढ माणसं आहोत’ असं एक वाक्य होतं, ते मी काढून टाकलं, कारण ते म्हणताना मला पियडमाँटचा बूटवाला आठवत होता. मग ‘मी आणखी प्रयत्न करीन’ असं घातलं. पण आणखी काय करायचं राहिलं होतं? शंखसुद्धा झाला होता.

पॉलेट स्वयंपाकघरात आर्टिचोकच्या पानांची काटेरी टोकं कात्रीने कापत होती. कचकच आवाज येत होता. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते मला सकाळी का दिसलं नाही कुणास ठाऊक.

“मिळालं?” तिने न बघता विचारलं.

“मिळालं. दोन बेडरूमचं. तुझ्यात कॅलिफोर्निया किंग आहे.”

“माझ्यात?”

“तुझ्या खोलीत.” आणि भाषण सुरू करायचं सोडून मी एकदम म्हटलं, “पॉलेट, तुला वेगळं व्हायचं असेल तर मला इथे सांग. जंगलात नेऊन सांगू नकोस. तिथे मला काही ऐकू येत नाही.”

कात्री थांबली. “वेगळं व्हायचं? कुणी सांगितलं तुला?”

“तूच. सकाळी.”

“मी बेडरूमचं म्हणाले.”

“तेच ते.”

“ते नाही, ग्लेन.” तिने हात धुतले. फार वेळ धुतले, एकेक बोट. मग टॉवेलला पुसून तिने फोन घेतला, त्यात काहीतरी शोधलं आणि फोन ओट्यावर, आर्टिचोकच्या मध्ये ठेवला. “ऐक.”

आधी काही नव्हतं. मग कुणीतरी जड कपाट लाकडी जमिनीवरून ओढत नेलं, थांबलं, दम खाल्ला आणि परत ओढत आणलं. माझे कान तापले. अकरा वर्षांत मी स्वतःला पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ते वर्णनापेक्षा भयंकर होतं. वडील परवडले. “माफ कर,” मी म्हटलं. “मला खरंच कल्पना नव्हती. काल मी दातातला साचा घालायचा विसरलो, तो आज…”

“हे कालचं नाही.”

“मग कधीचं?”

“तू फ्रेस्नोला गेला होतास ना, एप्रिलमध्ये, नळ फुटले होते तिथे. तेव्हाचं.”

मी तिच्याकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. कपाट पुन्हा निघालं होतं. “तारीख दाखव,” मी म्हटलं. सव्वीस वर्षांची सवय. तिने दाखवली. मी फ्रेस्नोत होतो, त्याची हॉटेलची पावती माझ्या पाकिटात अजून होती. “वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असेल,” मी म्हटलं.

“ग्लेन.”

“छत पातळ आहे आपलं. मी स्वतः तपासलंय.”

“ग्लेन, मी आहे ती.”

तिने फोन बंद केला. “तुला चिडवायला म्हणून रात्रभर रेकॉर्डिंगला लावला होता फोन,” ती म्हणाली. “म्हटलं, तू नसताना घर कसं शांत असतं ते ऐकवू ह्याला. चारही दिवस लावला. चारही दिवस हेच.” ती खुर्चीवर बसली. “तो मेला पलंग आला तेव्हापासून मी दचकून उठायचे, आणि डोळे उघडले की तू असा नाकासमोर. तोंड उघडं टाकून. मला वाटायचं, हाच. दुसरं कोण असणार?”

मी काय वाटून घ्यावं हे माझं मलाच कळेना. पहिल्यांदा आला तो आनंद, अगदी निर्भेळ, आडदांड आनंद. स्वयंपाकघरात दोन्ही हात वर करून एक फेरी मारावी असा. त्याच्या मागोमाग नाकाच्या पट्ट्या आल्या, चेंडू आले, अकरा वर्षांचं न खाल्लेलं चीज आलं, आणि मी भयंकर चिडलो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी जन्मात कुणाचा पुराव्याशिवाय शब्द मानलेला नाही, रडणाऱ्या विधवांना मी ‘फोटो आहेत का’ म्हणून विचारलंय, आणि हा एकच दावा मी पहिल्या दिवशी, टोस्ट खाता खाता, एकही प्रश्न न विचारता मंजूर केला होता. पॉलेट म्हणाली म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“मग दुसरी बेडरूम…” मी म्हटलं.

“माझ्यासाठी. लपायला.” तिचा आवाज फाटला. “कुठल्या तोंडाने सांगू तुला? शंख फुंकलास रे तू माझ्यापायी! तीन आठवडे मी तुझ्या आधी झोप लागू नये म्हणून पुस्तक धरून बसते. तुला गाढ झोप लागली की मग पडते, तेही एका कुशीवर. काल लायब्ररीत दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना मला डुलकी लागली. तीच मुलं म्हणाली, मिस, तुम्ही घोरता.”

मला काहीतरी थोर बोलायला हवं होतं. क्षमा, वगैरे. तशी संधी नवऱ्याला आयुष्यात एकदाच येते. पण तोंडातून जे आलं ते खरं होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळत होतं. “फ्रेस्नोला चारही दिवस मला झोप लागली नाही,” मी म्हटलं. “मला वाटलं, बाहेर बर्फाचं मशीन आहे त्याचा आवाज होतोय. मॅनेजरशी भांडून मी ते बंद करवलं. मग तर अजिबातच लागली नाही.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.”

“मॅनेजरला विचार. तो मला वेडा समजला. म्हणाला, साहेब, आता तर काहीच आवाज नाही. मी म्हटलं, तेच तर सांगतोय.”

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, माझ्या तोंडावर कुठे डाग दिसतोय का ते शोधत असल्यासारखी. पाहणी करायची पाळी तिची होती. मग तिचा खालचा ओठ हलला, आणि ती माझा शर्ट मुठीत धरून, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली की रडली, ते मी तपासलं नाही. तिच्या केसांना आर्टिचोकचा हिरवा वास येत होता. घड्याळात सहाला सात मिनिटं होती. मी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने फोन लावला.

“आता काय?” आर्डिथबाई म्हणाल्या. “तीन बेडरूम?”

“धाकटी द्या.”

“सकाळी मोठी, संध्याकाळी धाकटी?”

“दुपारी मोठी. आता धाकटी.”

“सांगून ठेवते, पलंग साधा आहे. लहान. दोघं आरामात मावत नाहीत त्यावर.”

“चालेल.”

“नंतर तक्रार नको.”

“तक्रार नाही. लिहा नाव.”

पॉलेटने माझी बाही ओढली. “थांब,” ती हळूच म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. “शेजारची केबिन किती लांब आहे, ते विचार आधी.”